मारायचं नव्हतं, तरी माणूस मेला

१. "तार डुकरांसाठी होती"

नवेगावबांधच्या बाजूला म्हणा की नागझिऱ्याच्या, गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावात धानाच्या बांधीभोवती लावलेल्या तारेला चिकटून माणूस गेला की चावडीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : "त्यानं तार डुकरांसाठी लावली होती, माणसासाठी थोडीच?" दुसरं : "मग त्याला जेल कशापायी?"

प्रश्न प्रामाणिक आहे. चोरी करणाऱ्याला चोरी करायची असते, खून करणाऱ्याला खून करायचा असतो. इथं तार लावणाऱ्याला फक्त आपलं धान वाचवायचं होतं. मेलेला माणूस कदाचित त्याचा चुलतभाऊच असेल, आणि तेरवीच्या जेवणाचा अर्धा खर्चही तोच उचलेल. तरी पोलीस येतात. आधी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं आणि मग गुन्हा नोंदवला जातो. हेतूच नसताना झालेल्या मृत्यूकडे कायदा कोणत्या नजरेनं बघतो, हे या तारेच्याच आधारानं समजून घेऊ.

२. तार कशी असते

धान निसवायला लागलं की रानडुकरांचे कळप रात्री बांधीत उतरतात. खातात त्याहून जास्त लोळवतात. माचाणावर बसून डबे बडवणं, फटाके फोडणं, जुनी लुगडी बांधणं हे सगळं करून थकलेला शेतकरी शेवटी तारेकडे वळतो. धुऱ्याच्या कडेनं हातभर उंचीच्या बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, त्यांना उघडी जी.आय. तार गुंडाळत न्यायची. वीज मोटारीच्या पेटीतून एक फेज काढून द्यायची, नाहीतर लांब बांबूला आकडा बांधून वरच्या लाइनवर टाकायचा. अंधार पडला की आकडा टाकायचा, उजाडायच्या आत काढायचा. खुंटीची उंची डुकराच्या छातीच्या बेतानं ठरवलेली असते. माणसाच्या ती गुडघ्याखाली येते. खाली बांधीतलं पाणी, चिखल आणि बहुधा अनवाणी पाय.

रात्री शेतात कोण जाणार, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीचीच मिळते, त्यामुळे मोटार सुरू करायला निघालेला शेजारी हा या तारेचा नेहमीचा बळी. खेकडे-मासे धरणारे असतात. उन्हाळी धानाच्या दिवसांत पहाटे मोह वेचायला, पुढे तेंदूपत्त्याला निघालेल्या बायका असतात. हे सगळं तार लावणाऱ्यालाही ठाऊक असतं, कारण तोही कधीतरी त्याच वाटेनं त्याच कामाला जातो. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढचा सगळा कायदा याच्याभोवती फिरतो.

३. काय हवं होतं आणि काय माहीत होतं

लोक फक्त हेतू विचारतात. कायदा त्याखेरीज आणखी दोन गोष्टी विचारतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०० (पूर्वीच्या दंडसंहितेतलं २९९) सदोष मनुष्यवध म्हणजे काय ते सांगतं. मारण्याच्या हेतूनं केलेलं कृत्य त्यात येतं. जिनं मृत्यू संभवतो अशी इजा करण्याचा हेतू असेल तर तेही येतं. आणि हेतू यातला कोणताच नसेल, पण आपल्या या कृत्यानं कोणीतरी मरण्याचा संभव आहे एवढी जाणीव असेल, तरी ते कृत्य सदोष मनुष्यवधच ठरतं. नुसत्या जाणिवेच्या या प्रकाराला कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हा गुन्हा अजामीनपात्र असून खटला सत्र न्यायालयात चालतो.

त्याच्या खाली कलम १०६ आहे, जुनं ३०४-अ. इथं जाणीवही नसते. असते ती बेदरकारी किंवा हयगय. धोका दिसत होता पण "काही होत नाही" म्हणून पुढे गेला, ती बेदरकारी. धोका दिसायला हवा होता, पण त्यानं बघितलंच नाही, ती हयगय. जुन्या कायद्यात याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गुन्हा जामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

गंमत म्हणजे १८६० च्या मूळ दंडसंहितेत हयगयीनं झालेल्या मृत्यूला स्वतंत्र कलमच नव्हतं. ते १८७० साली घालण्यात आलं.

माहिती असणं-नसणं किती वजनदार असतं, याचं एक कडवट उदाहरण त्याच काळातलं आहे. १८७५-७६ च्या सुमारास आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं गाडी आणायला उशीर झाला म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं. मोतद्दाराची प्लीहा फुटली आणि तो मेला. मलेरियाच्या मुलखात प्लीहा सुजलेली असणं नेहमीचं, पण ती सूज बाहेरून दिसत नाही, म्हणून साहेबाला मृत्यूची कल्पना नव्हती असं धरलं गेलं. दंडाधिकाऱ्यानं तीस रुपये दंड केला. व्हाइसरॉय लिटननं त्यावर जाहीर नापसंती नोंदवली आणि गोऱ्या समाजानं लिटनवर आगपाखड केली. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य कोणाच्या तोंडून येतं यावरही त्याची किंमत ठरायची, हे त्या निकालात उघडं दिसतं.

४. शौचालयाच्या वाटेवरची तार

तारेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला तो बिहारमधून, आणि त्यात डुक्कर नव्हतं. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावानं तो १९६३ चा निकाल ओळखला जातो. जवळजवळची दोन घरं. एका घराच्या शौचालयाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली माणसं शेजाऱ्याचं शौचालय वापरू लागली. शेजाऱ्यानं मनाई केली, लोक ऐकेनात. मग त्यानं शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेत उघडी तांब्याची तार लावली आणि तिच्यात वीज सोडली. जुलै १९५९ मध्ये शेजारची एक स्त्री तिकडे गेली, तारेला हात लागला आणि थोड्याच वेळात ती मेली.

त्याचा बचाव आपल्या चावडीवरच्या बचावासारखाच होता. जागा माझी, तार माझी, ती आली तर तिचा दोष. न्यायालयानं ते मानलं नाही. विनापरवाना आत आलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. त्याच्यासाठी जागा सुरक्षित ठेवा असं कायदा म्हणत नाही, पण त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावण्याचा हक्कही मालकाला देत नाही. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क इतका लांब पोचत नाही. शिक्षा ३०४-अ खाली कायम झाली.

मला विचाराल तर हा निकाल आरोपीच्या बाबतीत सौम्यच होता. ती तार माणसासाठीच लावलेली होती. आपल्याकडची निदान डुकरासाठी असते.

५. तार एक, प्रकरणं चार

आता तार तीच ठेवून परिस्थिती बदलत जाऊ. सगळी उदाहरणं कल्पित आहेत.

एका शेतकऱ्याचं शेत गावापासून दूर, आडवाटेला. त्यानं तारेवर लाल चिंध्या बांधल्या, गावात दवंडी दिली, रोज पहाटे स्वतः जाऊन वीज बंद केली. एक दिवस तापानं अंथरुणाला खिळला, तार तशीच राहिली आणि सकाळी कोणी दगावलं. माणूस मरेल अशी जाणीव त्याच्या डोक्यात होती असं म्हणणं अवघड आहे. उघड्या तारेत वीज सोडणं हीच मुळात हयगय, त्यामुळे १०६ मात्र सुटत नाही.

दुसऱ्याची तार मोटारीकडे जाणारी पायवाट ओलांडून जाते. आकडा अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर. सांगितलं कोणालाच नाही, कारण सांगितलं तर वीजचोरी उघडी पडेल. त्या वाटेनं रात्री माणसं जातात हे तोच साक्षीत कबूल करतो. इथं सरकारी वकील १०५ चा आग्रह धरतील, आणि त्यांच्या म्हणण्यात दम असेल.

तिसऱ्याच्या तारेला आठ दिवसांपूर्वी गाय चिकटून मेली होती. त्यानं गायीचे पैसे भरले आणि संध्याकाळी पुन्हा आकडा टाकला. "मला कल्पना नव्हती" असं म्हणायची सोय त्यानं स्वतःच घालवली.

चौथ्याला डुकरांशी देणंघेणं नाही. त्याच्या मोटारीचं केबल कोणीतरी चोरतो, त्या चोराची वाट बघत त्यानं तार लावली. प्रकरण आता खुनाच्या उंबरठ्याशी येतं.

प्रत्यक्षात या चारांतलं कोणतं, हे पंचनाम्यातल्या बारकाव्यांवर ठरतं : तार वाटेपासून किती अंतरावर होती, वीज कुठून घेतली होती, गावात कोणाला माहिती होतं. म्हणून पहिल्या दोन तासांत तार गुंडाळून फेकणं किंवा प्रेत उचलून दुसऱ्याच्या शेतात, नाल्यात नेऊन टाकणं, हे घाबरलेल्या माणसाचे उद्योग त्यालाच भोवतात. पुरावा नाहीसा करणं हा कलम २३८ खालचा वेगळा गुन्हा आहे. शिवाय ज्यानं एवढ्या घाईनं लपवलं त्याला आधीपासून माहीत होतं, असा तर्क न्यायाधीशापुढे मांडायला ते आयतं साधन होतं.

इथं एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळ अशाच शेताच्या तारेनं श्रीनिवास नावाचा वाघ मेला. नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात गाजलेल्या जयचा हा बछडा. वन्यजीव कायद्यात वाघाच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. त्या वर्षी त्याच तारेनं माणूस मेला असता आणि गुन्हा ३०४-अ चा धरला गेला असता, तर कमाल दोन वर्षं आणि किमान काहीच नाही. वाघाची शिक्षा जास्त आहे याबद्दल माझी तक्रार नाही.

६. मृत्यू नेमका कशानं?

हयगय सिद्ध झाली म्हणजे काम संपलं नाही. मृत्यू त्याच हयगयीचा थेट परिणाम असावा लागतो.

मुंबईत १९६२ साली रंगाच्या एका कारखान्याला आग लागून सात कामगार जळून मेले. मालकानं परवान्याच्या अटी मोडल्या होत्या. जिथं टर्पेंटाइन साठवलं होतं त्याच खोलीत शेगड्या पेटवू दिल्या होत्या. तरीही सर्वोच्च न्यायालयानं कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात त्याला ३०४-अ मधून सोडलं. कारण आग भडकली ती एका कामगारानं रसायन थंड होण्याआधीच त्यात टर्पेंटाइन ओतल्यामुळे. मालकाला शिक्षा झाली ती ज्वालाग्राही पदार्थांबाबतच्या निष्काळजीपणाची. न्यायालयानं आधार घेतला तो मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या १९०२ च्या निकालाचा : मृत्यू आरोपीच्या कृत्यानं, दुसऱ्या कोणाच्या हयगयीची मध्यस्थी न होता घडलेला हवा.

बांधीचा विचार करा. पाऊस पडला म्हणून पाणी आलं हे खरंच, पण खालची बांधी वाहून गेली ती वरच्यानं रात्री धुरा फोडला म्हणून. पावसाशिवाय हे झालं नसतं, तरी नुकसान मागायचं ते धुरा फोडणाऱ्याकडे.

कारखान्याचा तो निकाल मला आजही खटकतो. सात माणसं ज्या व्यवस्थेत मेली ती मालकानं उभी केली होती आणि मृत्यूचा भार मात्र ओतणाऱ्या हातावर आला. पण निकाल आहे तो असा आहे. तारेच्या प्रकरणात मात्र तो शेतकऱ्याच्या कामी येत नाही, कारण तार आणि मृत्यू यांच्या मध्ये दुसरा हातच नसतो. "तो दारू पिऊन आला होता" हेही चालत नाही. मेलेल्याचा निष्काळजीपणा हेच मृत्यूचं एकमेव कारण असेल तरच आरोपी सुटतो.

७. रस्त्यावर

हेच प्रश्न रस्त्यावर रोज उभे राहतात. २९ नोव्हेंबर २०२४ ला भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावन टोल्याजवळ उलटली आणि ११ प्रवासी गेले. पुढे आलेल्या मोटारसायकलला वाचवताना बस उलटल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्या घटनेत दोष कोणाचा हे इथं ठरवायचं कारण नाही. कायदा काय विचारील एवढंच बघू. एवढे लोक मेले म्हणजे चालक बेदरकार असणारच, हा तर्क न्यायालय स्वीकारत नाही. मृतांचा आकडा हा हयगयीचा पुरावा नव्हे. "गाडी भरधाव होती" एवढं साक्षीदारानं म्हणणंही पुरत नाही. कर्नाटकातल्या एका उलटलेल्या ट्रकच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं : वेग जास्त की कमी हे रस्त्यावर, वळणावर, रहदारीवर अवलंबून आहे, ते सगळं पुराव्यानं दाखवा.

उलट जाणीव दाखवता आली तर वाहनाचा अपघातही वरच्या कलमात जातो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण मेले. चालक दारू प्यायलेला होता. सत्र न्यायालयानं ३०४-अ धरून सहा महिने दिले. त्यावर लोक संतापले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि जाणिवेनं केलेला सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम ठेवलं. दारू पिऊन भरवेगात गाडी हाणणाऱ्याला परिणामाची कल्पना असते, हा त्यामागचा विचार. आता पुन्हा पायवाट ओलांडणारी ती तार आठवा.

नव्या कायद्यात १०६ चं दुसरं पोटकलमही आहे. अपघातात माणूस मारून पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी याच पोटकलमाविरुद्ध चक्का जाम केला आणि नागपुरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सरकारनं मग नवी संहिता लागू केली ती हे पोटकलम बाजूला ठेवूनच.

८. डॉक्टर

थोडक्यात सांगतो, कारण यावर स्वतंत्र पुस्तक होईल. मध्य प्रदेशातल्या एका होमिओपॅथनं नारू झालेल्या बाईला धोतऱ्याचं औषध आणि धोतऱ्याचं पान दिलं. ती मेली. आरोप खुनाचा होता, पण सर्वोच्च न्यायालयानं तो खोडून ३०४-अ धरला : विषारी वस्तूचा परिणाम नीट न समजून घेता ती देणं ही बेदरकारी. पुढे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं ठरवलं की डॉक्टरला फौजदारीत ओढायचं तर साधी चूक पुरत नाही, हयगय ढोबळ, डोळ्यांत भरणारी हवी, आणि त्याआधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यायला हवं. नव्या कायद्यानं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी कमाल शिक्षा दोन वर्षंच ठेवली आहे.

९. इंग्लंडची रीत वेगळी

आपला कायदा इंग्रजांनी लिहिला, पण त्यांच्या घरचा कायदा तसा नाही. हेतूविना झालेल्या मृत्यूला तिकडे मॅन्सलॉटर म्हणतात आणि तिथं पोचायच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक ढोबळ हयगयीची. शस्त्रक्रियेत श्वासासाठी लावलेली नळी निसटलेली भूल देणाऱ्या डॉक्टरच्या लक्षात आली नाही, त्या अडोमाको खटल्यानं १९९४ मध्ये ती पक्की केली. दुसरी वाट आपल्याकडे नाही : कृत्य बेकायदा असावं आणि त्यानं कोणाला तरी थोडीफार इजा होईल हे शहाण्या माणसाला कळण्यासारखं असावं. १९७४ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलांनी पुलावरून आगगाडीवर फरशी ढकलली आणि गार्ड मेला. त्या मुलांना धोका कळला होता का, हे विचारायची गरज नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९७६ मध्ये म्हटलं. शिक्षेची कमाल मर्यादा जन्मठेप.

ही दुसरी वाट आपल्याकडे असती तर आकडा टाकून वीज चोरणारा प्रत्येक जण त्या चोरीच्या जोरावरच मोठ्या गुन्ह्यात सापडला असता. आपला कायदा तसं करत नाही. वीजचोरीची शिक्षा वीज कायद्याखाली वेगळी, आणि मृत्यूसाठी त्याला काय माहीत होतं हे वेगळं सिद्ध करायचं. मला आपली रीत जास्त न्याय्य वाटते. चोरी मात्र एका ठिकाणी नडते. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं, पुरेशी काळजी घेऊन करताना निव्वळ अपघातानं कोणी मेलं तर कलम १८ प्रमाणे गुन्हाच होत नाही. कायद्यातलं त्याचं उदाहरण आपल्या जंगलात शोभणारं आहे : कुऱ्हाडीनं काम करताना पातं निसटून शेजारी उभा असलेला माणूस मेला. पण पूर्ण काळजी घेतली असली पाहिजे. आकडा टाकणाऱ्याला पहिलाच शब्द, "कायदेशीर", आडवा येतो.

इंग्लंडलाही स्वतःची तार होती. जमीनदार रानात आणि बागेत ताणलेल्या दोरीला बंदूक बांधून ठेवत. दोरीला पाय लागला की बार. त्यांच्या मनात शिकारचोर असत, पण गोळी नेहमी चोरालाच लागत नसे. ब्रिस्टलजवळ ट्यूलिपच्या एका बागेत शेजाऱ्याची चुकलेली लांडोर पकडायला भिंत चढून गेलेल्या तरुणाला अशी गोळी लागली. तो वाचला, खटला जिंकला आणि १८२८ चा तो निकाल आजही शिकवला जातो. या बंदुकांवर १८२७ मध्येच कायद्यानं बंदी आली होती. माणसाला जीवघेणी इजा व्हावी अशा हेतूनं सापळा लावणं हा तिथं स्वतंत्र गुन्हा आहे, कोणी मेलं नाही तरी.

१०. मग धान कसं वाचवायचं?

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात बसत नाही, पण तो सोडून दिला तर वरचं सगळं शेतकऱ्याला फुकटचा उपदेश वाटेल. वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळते का, हे ज्याचं त्यानं सांगावं. जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान दिलं गेलं. गावात त्याला झटका मशीन म्हणतात. तिच्यातून वीज सलग वाहत नाही. क्षणभराचे झटके थांबून थांबून येतात. डुक्कर दचकून मागे फिरतं, माणसालाही झटका बसतो, पण हात चिकटून राहत नाही आणि सुटका होते. कायद्याच्या भाषेत पुरेशी काळजी म्हणतात ती हीच, तीही पाटी लावून आणि तार पायवाटेपासून दूर ठेवून.

अडचण येते ती बॅटरी खराब झाल्यावर. नवी बॅटरी महाग, हंगाम ऐन भरात, आणि खुंट्या-तारा तर लावलेल्याच आहेत. मग कोणीतरी मशीन काढून घरच्या लाइनचं वायर थेट त्याच तारेला जोडतो. गाव तिला झटका मशीनचीच तार समजत राहतं, त्यामुळे लोक आधीपेक्षा बिनधास्त तिच्याजवळून जातात. अशा तारेवर कोणी गेलं, तर "गावात सगळ्यांना तार माहीत होती" हा बचावही उरत नाही. गावाला जी माहीत होती ती वेगळी होती, आणि हा फरक फक्त त्याला एकट्याला ठाऊक होता.